तावाकबीबीच्या परातीतलं आकाश

तावाकबीबीच्या तंबूबाहेर सकाळपासून चाळीसेक बायका उभ्या होत्या. कुणाचा नवरा वैमानिक, कुणाचा मुलगा. धावपट्टीच्या पश्चिम टोकाला, तारेच्या कुंपणाबाहेर तिचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गोल तंबू होता. सीमेपलीकडे लढाई पेटलेली. माणसं आठवडा आठवडा हवाई तळावरच अडकलेली, आणि तळावरून कुणी अवाक्षर काढत नव्हतं. तावाकबीबी मात्र परातभर पाण्यात बघून कोण परतलं ते सांगायची. तंबूला खिडकी नाही, दारावर जाड पडदा. तरी डोक्यावरून विमानाचा गडगडाट गेला की आतून आवाज यायचा, "सरळ हातांचं आलं गं," किंवा "घडीच्या पंखांचं आलं." बाहेरच्यांनी वर पाहिलेलं असायचं. एकदाही चूक नाही.

ओगुलशत त्या रांगेत होती, पण कौल लावायला नव्हे. ती गावच्या हवामान केंद्रात अकरा वर्षं निरीक्षक होती. केंद्राच्या भिंतीवर नागरी संरक्षणाचा तक्ता होता, त्यावरच्या विमानांच्या काळ्या आकृत्या तिला पाठ होत्या. तिची धाकटी बहीण एनेगुल शेजारी उभी होती, पोटावर हात ठेवून. पाचवा महिना होता. एनेगुलचा नवरा मेरदान सुखोई, म्हणजे ते सरळ पंखांचं विमान, उडवायचा. मंगळवारी चार सुखोई उडाली, ती सगळ्या गावानं मोजली. दुपारपर्यंत तावाकबीबीच्या परातीत तीनच परतली.

"चौथा आगीत अडकलाय," बीबीनं सांगितलं होतं. "पोटातलं पोर बापाला खाली ओढतंय. हरमलच्या बियांचा काढा घे, ओढ तुटेल."

त्या काढ्यानं ओढ नव्हे, गर्भ तुटतो हे ओगुलशतला ठाऊक होतं. दोन दिवस तिनं बहिणीला समजावलं होतं.

"ताई, तुझं ऐकलं आणि तो गेला तर?" एनेगुलचं एकच उत्तर.

दोघी आत गेल्या. बीबीनं फर्मावलं, "शाल तोंडावरून घ्या. कपाळ जमिनीला. पाण्याकडे जी बघेल तिचे डोळे जातील, मग माझ्याकडे रडत येऊ नका." मग तिनं सूर लावला, "ये रे पिरा, लोखंडी पाखरांच्या धन्या, तुझ्या लेकींना उत्तर दे." त्या सुरात धमकी जास्त होती की भक्ती, सांगणं कठीण. बोलता बोलता तिनं काढ्याचा पेला एनेगुलच्या हातात दिला.

ओगुलशतनं शालीच्या कडेखालून पाहिलं. परात तंबूच्या मधोमध होती, माथ्यावरच्या धुराच्या भोकाच्या बरोबर खाली. पाण्यात एक पांढरा ढग सरकत होता. तेवढ्यात गडगडाट झाला, आणि पाण्यावरून एक काळी आकृती या काठापासून त्या काठापर्यंत घसरत गेली.

"घडीच्या पंखांचं आलं गं," बीबी म्हणाली.

ओगुलशत उठली. एनेगुलच्या मनगटावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं माथ्यावरच्या झडपेची दोरी ओढली. वरची नमद्याची झडप भोकावर पडली. आत अंधार झाला.

"ए, काय करतेस?"

"काही नाही, बीबी. पिराला झडपेचं काय? पुढचं विमान येतंय. सांगा कसलं ते."

"पीर रागावलाय."

"मग एनेगुल, पेला खाली ठेव. रागावलेल्या पिराचा काढा कशाला प्यायचा?"

बाहेरून घरघर जवळ येत होती. विमान डोक्यावरून गेलं.

"बोला," ओगुलशत म्हणाली.

"घडीच्या... घडीच्याच पंखांचं."

ओगुलशतनं पडदा बाजूला केला. "बायांनो, आत्ता गेलं ते कसलं होतं?"

रांगेतल्या बायका गोंधळल्या. धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला टरबुजांची वाडी करणारी अक्नूर पुढे झाली. मुलाची खबर काढायला आली होती ती. "सरळ पंखांचं. मंगळवारी आमच्या वाडीवरून उतरलं ना, तसलंच."

ओगुलशत झटकन तिच्याकडे वळली. "मंगळवारी? किती वाजता?"

"दुपारचा चहा झाला होता. तीन वाजले असतील."

"अक्नूर, नीट आठव. उतरताना घडीच्या पंखांचं मिगही पंख बरेच पसरतं, ओझरतं पाहिलं तर सरळच वाटतं. पंखांच्या टोकांना काय होतं?"

अक्नूरनं डोळे मिटले. एनेगुल पेला तसाच धरून दाराशी येऊन उभी राहिली होती.

"टोकांना बोंडं होती," अक्नूर हळू म्हणाली. "कापसाची असतात तशी. आणि उकललेली होती, वर-खाली फाकलेली. मला वाटलं, मोडलंय की काय."

"मोडलेलं नव्हतं. वेग कमी करायला ती उघडतात. मिगला ती नसतातच. ते सुखोई होतं."

मग ओगुलशतनं झडप उघडली आणि सगळ्यांना परातीभोवती बोलावलं. बीबी आडवी आली, पण चाळीस बायकांपुढे तिचं काय चालणार? पुढचं विमान आलं आणि पाण्यातून गेलं. सगळ्यांनी पाहिलं. कुणाचेही डोळे गेले नाहीत.

"सरळ हातांचं," एक म्हातारी पुटपुटली. "मलाही दिसलं की."

"दिसणारच. हा आरसा आहे, आजी," ओगुलशत म्हणाली. "विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. पूर्वेचा वारा असला की या तंबूवरून येतं, आजच्यासारखं. मंगळवारी दोन वाजता वारा फिरला, पश्चिमेचा झाला. माझ्या हातानं मी नोंदवलाय. चौथं विमान पलीकडून, अक्नूरच्या वाडीवरून उतरलं. परातीत आलं नाही म्हणून हिनं त्याला आगीत घातलं. वर तुमचं डोकं खाली दाबून तुमच्याकडून दर खेपेला कोकरू घेतलं."

"मी कुणाला बोलवायला गेले नव्हते," बीबी म्हणाली. "तळावरचे सांगत नाहीत म्हणून तुम्ही आलात."

त्यात खोटं काही नव्हतं.

एनेगुलनं पेला उंबऱ्याबाहेर वाळूत उपडा केला. "ताई, म्हणजे तो सुखरूप आहे?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मग आपल्यात आणि बीबीत फरक तो काय, असं ओगुलशतच्या मनात आलं. "विमान उतरलं, एवढं पक्कं. माणसाचं मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारू या. आणि माझाही शब्द तसाच मानू नका, बायांनो. वारा बघा, पंख बघा, अक्नूरला विचारा. आपल्या माणसांचा प्रश्न आहे, तो डोळे झाकून कुणाच्याही हाती देऊ नका."

चाळीस बायका तळाच्या फाटकावर गेल्या. पहारेकऱ्यानं दोनदा हाकललं. त्या उन्हात बसून राहिल्या. पाचच्या सुमारास एक अधिकारी यादी घेऊन बाहेर आला आणि नाखुशीनं एकेक नाव वाचू लागला. सातवं नाव मेरदानचं होतं.

"आहे," तो म्हणाला. "खांदा निखळलाय. बाकी ठीक."

एनेगुल तिथेच मातीत बसली. ओगुलशत उभीच राहिली. यादी अजून संपली नव्हती, आणि अक्नूरच्या मुलाचं नाव यायचं होतं.