दोन सह्यांची वही

संताजींच्या वहीत पक्षी चढायचा तो दोघांना पटला तरच. भूगोलाच्या मास्तरांचा हा नियम तीस वर्षांचा. दुसरी सही मित्र गिरीधरची असे. तो मुलाकडे कोइम्बतूरला गेल्यापासून संताजींची सून हेमावती हिची. दर रविवारी सकाळी मामंजी आपल्या सायकलवर पुढे, मागे हेमावती आणि तिच्या कॅरियरवर चार वर्षांची जननी, अशी वरात पळ्ळीकरणैच्या दलदलीकडे निघायची.

अलीकडे मामंजींना खड्डे चुकवता येईनात. सायकल काढून घ्यायची गोष्ट त्यांच्या मुलाने काढली, तेव्हा त्यांनीच शब्द दिला होता: ज्या दिवशी पक्षी चुकीचा सांगेन, त्या दिवशी सायकल सोडेन. तेव्हापासून दर रविवारी हेमावती त्यांच्याआधी पक्षी ओळखून ठेवायची.

आज बांधावर थांबून त्यांनी दुर्बीण लावली. खांबावर पेलिकन बसलाय म्हणाले, आणि नाव लिहून वही तिच्यापुढे धरली.

खांबाला सिमेंटचं पांढरं पोतं अडकून वाऱ्याने फुगलं होतं.

एका सहीत सायकल वाचत होती. पण या वहीत आजवर खोटं अक्षर नव्हतं, आणि परतीच्या रस्त्यावर भरधाव बसगाड्या होत्या.

"पोतं आहे, मामंजी," ती हळूच म्हणाली.

त्यांनी ओळ खोडली, वही मिटली. दोष काचेचाच असल्यासारखा चष्मा पुसत राहिले.

मग त्यांची मान वळली. "जननी, डावीकडं बघ, लव्हाळ्यात. पाणकोंबडी बोलतेय. पिलं पण आहेत संगती."

हेमावतीला गवताखेरीज काही दिसेना. जननी उकिडवी बसली, वाकली, आणि तमिळमध्ये कुजबुजली, "मूक्कु सिवप्पु, अज्जा." चोच लाल. मागोमाग काळी पिलं, तीन.

वही पुन्हा उघडली. जांभळी पाणकोंबडी: ऐकली संताजीने, पाहिली जननीने. जननीला सही येत नव्हती. तिने तिथे एक चोच काढली.

निघताना मामंजींनी सायकल चहावाल्याच्या टपरीमागे लावली, कुलूप घातलं आणि किल्ली सुनेच्या हातावर ठेवली.

"आज मी बसने येतो. पुढच्या रविवारी तुझी स्कूटर काढ. मी मागं बसतो. पायडल मारताना कानात नुसती माझीच धाप येते."

हेमावतीने मान हलवली.

"अन् हॉर्न वाजवलास," ते म्हणाले, "तर माझी सही मिळायची नाही."