शनवार नसलेलं घर

माझ्या अंगणवाडीत घड्याळ सगळ्या पोरांना येतं. पुठ्ठ्याचं घड्याळ हाय, काटे मीच बसवलेत. छोटा काटा कुठे, मोठा काटा कुठे, पोरं धडाधड सांगतात. त्यात सगळ्यांच्या पुढे राजनंदिनी. आमच्या कुडपण गावातल्या भागोजीतात्यांची नात, पाच वर्षांची. पण वार विचारले की हीच हुशार पोर माती खायची.

"सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शुक्रवार, शुक्रवार," म्हणायची, आणि परत सोमवार.

मी गाणं करून शिकवलं, टाळ्या वाजवून शिकवलं, ओरडून शिकवलं. ढिम्म! बाकीची पोरं खिदळायला लागली, तिला 'शुक्रवारी' म्हणून चिडवायला लागली. एक दिवस माझं डोकंच फिरलं.

"नंदे, शनवार कुठे गेला गो? खाल्लास काय?"

"आमच्या घरात शनवार येतच नाय, ताई," ती म्हणाली. "तुमच्याकडे येत असंल."

हे काय नवीन? मदतनीस सारिकाला पोरांकडे बघायला सांगितलं आणि तशीच तात्यांच्या घरी गेले. तात्या माझे चुलत सासरे, त्यांच्यापुढे आवाज चढवायची सोय नाय. त्यांची सून रूपाली, म्हणजे नंदूची आई, भाकऱ्या थापत होती. तिला विचारलं तर ती सासऱ्यांकडे बघायला लागली. शेवटी तात्यांनीच सांगितलं.

त्यांचा लेक रितेश, नंदूचा बाप, ठाण्याला गोडाऊनात कामाला. फोन केला की पोरीला म्हणणार, "शनवारी येतो हां, नंदू." आणि येणार नाय. पोर शनवारी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायची आणि गाडीतून बाप उतरला नाय की रडून रडून ताप काढायची. मग तात्यांनी शक्कल काढली. शनवार उजाडला की सांगायचं, आज शुक्रवार हाय. रविवारी पण शुक्रवारच, नायतर पोर विचारणार, शनवार कधी गेला. मग एकदम सोमवार. शेजारच्या आनंदीबाईपासून सगळ्या वाडीला ताकीद, पोरीसमोर शनवारचं नाव काढायचं नाय. आणि शनवारी अंगणवाडीत पाठवायचं नाय. मी पडले दुसऱ्या वाडीतली, मला निरोप काय, तर पोट दुखतंय. आणि मी खुळी तिला ओवा पाठवत होते!

तळपायाची आग मस्तकात गेली. कसले सासरे आणि कसलं काय.

"तात्या, अक्कल गहाण टाकलीत काय? घड्याळ पोराला डोळ्यांनी दिसतं. वार कुणाला दिसतो काय? मोठी माणसं सांगतील तोच पोराचा वार! उद्या ही पहिलीत गेली की सगळी शाळा हसंल हिला."

"रात्री रडते तेव्हा तू येतेस काय गो तुळसा, निजवायला?" तात्या उसळले. "तुझं घड्याळ तू शिकव. वारांचं आमचं आम्ही बघू."

"आणि तुमच्या लेकाला कोण बोलणार? तो आपला उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

"त्याला सुट्टी नाय गावत."

"येत नाय म्हणून सांगायला सुट्टी लागते काय?"

तव्यावरची भाकरी करपली, तरी रूपालीने उलटली नाय. मी चपला घातल्या आणि निघाले.

पुढच्या शनवारी मी स्वतः जाऊन पोरीला हाताला धरून आणलं. तात्या रानात गेले होते आणि रूपालीने अडवलं नाय. फळ्यावर मोठ्ठं लिहिलं, शनिवार. म्हटलं, "नंदू, आज शनवार हाय."

पोर नुसती फुलली. "म्हणजे बाबा येणार!"

खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, गप बसायला हवं होतं. पण खोटा वार मी शिकवणार नाय, मग कुणी कितीही बोंबलू दे.

पोलादपूरहून दुपारची गाडी येईपर्यंत मी तिच्याबरोबर थांब्यावर उभी राहिले. गाडी आली. गावातला धोंडू उतरला, बाजार घेऊन दोन बाया उतरल्या. कंडक्टरने दार लावून घेतलं. नंदू त्या बंद दाराकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघायला लागली.

"नाय आला," मी म्हटलं. "आज शनवार हाय, आणि तुझा बाबा नाय आला."

तिने मातीत बसकण मारून भोकाड पसरलं. ते ऐकून तात्या काठी टेकत धावत आले. मागून रूपाली.

"झालं समाधान? रडवलीस ना पोरीला!"

"मी रडवली? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तात्या!"

आमच्याकडे रेंज मिळते ती थांब्याजवळच्या कातळावरच. रूपालीच्या हातातला फोन घेतला, रितेशला लावला आणि स्पीकर चालू केला.

"हां रूपाली, बोल. जरा बिझी हाय."

"बिझीच्या! आज वार कोणता रे, मेल्या?"

त्याने माझा आवाज ओळखला. मग म्हणतो, "अरे हो. ओव्हरटाइम लागला ना, वहिनी. नंदूला सांगा, पुढच्या शनवारी पक्का..."

"खबरदार! पुन्हा वाराचं नाव काढलंस तर तिथे येऊन थोबाड फोडीन तुझं!"

नंदू उठली. नाक पुसत तिने फोनजवळ तोंड नेलं.

"बाबा, नाय येणार असं बोल ना."

"नंदू, अगो..."

"बोल ना."

फोनमधून गोडाऊनातला खडखडाट तेवढा ऐकू येत होता. रूपालीने तोंडाला पदर लावला.

"नाय येणार," रितेश म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. "पुढच्या शनवारी पण नाय. शिमग्याला सुट्टी हाय, तेव्हा येतो."

मला वाटलं, आता ही परत सूर लावणार. पण नाय. तात्या खाली बसले, तिच्या फ्रॉकची माती झटकायला लागले.

"शिमगा कंच्या वारी हाय?" नंदूने विचारलं.

"मी सांगतो गो बाय," तात्या घाईघाईने म्हणाले. "शिमगा ना, तो..."

"तू नको सांगू, आज्या."

तिने त्यांचा हात बाजूला केला आणि येऊन माझा पदर धरला.

"ताई, तुम्ही सांगा."