दहापैकी तीन

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा बाळ सहा आठवड्यांचं होतं.

"शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त. कंबर किती दुखते?"

दुसरी एखादी सात-आठ सांगून मोकळी झाली असती. पण हिची बारा वर्षं वजनं तपासण्यात गेली होती. दुकानांतली, कारखान्यांतली वजनं तिच्या प्रयोगशाळेत यायची आणि ती प्रमाण वजनाशी ताडून बघायची. ताडायला काही नसेल तर आकडा सांगायचा नाही, हा तिचा खाक्या. तिथले लोक तिला 'काटा' म्हणत. सासूबाई म्हणत, "हिला मीठ किती घालू विचारा, ही विचारेल, कशाच्या मानाने?"

तेव्हा तिने आधी दहा शोधला. कळांचा तेरावा तास. भूल देणाऱ्या डॉक्टरांची बाही धरून ती म्हणाली होती, "टोचा हो पाठीत, काय टोचायचं ते टोचा!" त्या दहाच्या मानाने आजची कंबर...

"तीन," ती म्हणाली. बाईंनी लिहिलं, तीन.

"सुईमुळे असेल का?"

"सुईची जागा काही दिवसांत बरी होते. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळजणींची दुखते. जाईल." आणि व्यायामाचा एक कागद हातात आला.

ते तिला पटलं. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नाही, हे ती स्वतःच नव्या लोकांना शिकवायची. तरी बसता-उठता हात मागे जायचा, नेमका त्याच जागी. सुई तिने मागून घेतली होती, हे तो हात विसरत नव्हता.

तिसऱ्या महिन्यातही तीन. चौथ्यातही तीन. खोटं काहीच नव्हतं. फक्त त्या दहाला मधे मधे उसंत होती, या तीनला नव्हती. मोजा घालताना तीन, दात घासायला वाकताना तीन, दूध पाजताना पाठीशी टॉवेलची गुंडाळी असूनही तीन. पाळण्याच्या कठड्यावरून वाकलं की अर्ध्या वाटेत कंबर अडायची. मग ती तशीच, ना वर ना खाली, हाक मारायची. सासूबाई यायच्या आणि बाळाला उचलून तिच्या मांडीवर ठेवायच्या. हल्ली बाळ रडलं की आधी सासूबाईंकडे बघायचं.

"मी दोन बाळंतपणं काढली, सुईबिई काही नाही," नणंद एकदा आली तेव्हा म्हणाली. "आठव्या दिवशी कामाला लागले."

"तिच्या पाठीत एकदाच टोचली गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझी जिभेवरच असते." हसायलाही कंबर लागते, हे तिला तेव्हा कळलं.

पाचव्या महिन्यात रजा संपत आली. प्रयोगशाळेतली मोठी वजनं वीस किलोची, ओतीव लोखंडाची. जमिनीवरून उचलून तराजूवर ठेवायची. साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "डॉक्टरांची चिठ्ठी आण, तीन महिने जागा राखतो. चिठ्ठी नसेल तर सोमवारी हजर. नाहीतर दुसरं माणूस घ्यावं लागेल मला."

दवाखान्यात नेताना गाडीत नवरा म्हणाला, "या वेळी नऊ सांग."

"नऊ नाहीये रे."

"अगं बाई, सगळे तसंच सांगतात. तुझ्याएवढा हिशोबी पेशंट त्यांनी जन्मात पाहिला नसेल."

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिने टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं, "नऊ."

बाईंनी कागद मागे उलटले. तीन. तीन. तीन. "रजा कधी संपते?"

"सोमवारी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागाने नाही, उलट आवाज मऊ झाला, आणि तेच जास्त लागलं. "बाळाला सोडून जाववत नाही. साहजिक आहे."

"तसं नाही. माझा दहाच चुकला. मी कळांच्या मानाने तीन म्हणत होते."

"म्हणजे आज जवळजवळ कळांइतकं दुखतंय?"

खोटं बोलायला एकच शब्द पुरला असता. "नाही," ती म्हणाली.

"मग?"

तिचा हात मागे गेला, नेमका त्याच जागी. बाईंनी लिहिलं: कामावर जाण्यास हरकत नाही. व्यायाम चालू ठेवावेत.

ती घरी आली तेव्हा सासूबाई पायात चप्पल घालूनच दारात उभ्या होत्या. "झोपलंय. मी भाजी घेऊन येते." नवरा खाली गाडी लावत होता. त्या गेल्या आणि बाळ जागं झालं. पाळण्यातून दोन्ही हात वर करून तिच्याकडेच बघायला लागलं. बघायला दुसरं कुणी नव्हतंच. सात किलो दोनशे. वीसच्या निम्मेही नाही.

ती वाकली. अर्ध्यात अडली. कठड्याला धरून हळूहळू गुडघ्यांवर आली, मग कुशीवर, मग फरशीवर पाठ टेकून आडवी. गजांमधून हात आत घातला. बाळाने बोट धरलं, पण रडणं थांबवलं नाही.

दार वाजलं. नवरा धावत आला, तिच्यापाशी वाकला. "किती दुखतंय?"

"आधी त्याला घे."

तिला खालून त्याचे बूट दिसले, मग ते दिसेनासे झाले. बोट सुटलं. रडणं वर गेलं, त्याच्या खांद्याशी पोचलं आणि तिथे लगेच थांबलं. तिचा हात मात्र अजून गजांच्या आतच होता. तो बाहेर काढायचा तर कुशीवर वळावं लागणार होतं.