चार बोटं फट

“आण्णा, मधी फट नका ना ठेवू! तो उभा तुकडा बसवा तिथं!” मी ओरडले.

“बसवतो की,” म्हणत आण्णांनी तुकडा शेजारीच ठेवला. फट तशीच राहिली. ढीग वर टेकला आणि गेम टुर्र करून संपला. गुण दोनशे. आमच्या आळीतली शेंबडी पोरंसुद्धा हजारांत खेळायची!

आण्णा, माझे वडील, मंचरच्या मार्केटात पंचवीस वर्षं हमाल होते. कांद्याच्या पिशव्यांची थप्पी लावावी तर संपतनेच, असं व्यापारी म्हणायचे. त्यांनी भरलेली गाडी मद्रासला पोचली तरी पिशवी हलायची नाही की कांदा सडायचा नाही. अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या कमरेत चमक भरली आणि डॉक्टरांनी तीन महिने खाटेवर झोपवलं. पडून पडून ते आईवर खेकसायला लागले, तेव्हा मी स्टँडसमोरच्या दुकानातून हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला. वरून पडणारे तुकडे रचायचे, ओळ गच्च भरली की ती नाहीशी होते. रचण्यात आण्णांचा हात कोण धरणार, असं मला वाटलं होतं.

पण दर दोन-तीन तुकड्यांनंतर ते फट सोडायचेच.

“अगं, हवा नको का मालाला?” उलट मलाच रागवायचे. “गच्च भरला की कांदा आतून तापतो, मंग सडतो. चार बोटं फट पायजेच.”

“यात कुठं कांदं हायेत, आण्णा?”

“ते हाताला कुठं ठावं हाय? तीन महिन्यांनी मला गाडी भरायचीय, तेजू. सवय मोडली तर?”

मी कपाळाला हात लावायचे.

आठवडा उरला असताना हमालांच्या टोळीचे मुकादम भरतकाका आले. आईनं दिलेल्या चहाकडे बघतच ते बोलले.

“संपत, डाक्टर म्हनत्यात, वझं आता कायमचं बंद. टोळीला मानूस कमी पडतोय राव. तुझ्या जागंवर सयाजीला घेतलाय.”

आण्णांनी काकांचा चहा त्यांच्याकडे सरकवला.

“बरं केलं,” ते म्हणाले. “त्याला मातर सांग, मधी फट ठिव म्हनाव. लई घाई असती त्याला.”

काका गेल्यावर त्यांनी गेम मागितला. उभा तुकडा उभ्या जागेत, आडवा आडव्या. कुठे फट नाही. ओळी भरत होत्या, नाहीशा होत होत्या. हजार झाले, दोन हजार झाले. इतके दिवस मी याचीच वाट बघत होते, आणि आता एखादी तरी फट सोडा हो आण्णा, असं मला मनापासून वाटत होतं. रडूच येत होतं मला.

“सोपं हाय की गं,” ते म्हणाले. “यात माल नसतोच.”

गेम माझ्या हातात देऊन ते भिंतीच्या आधाराने पडवीत गेले. आईनं घरच्या कांद्याच्या दोन अर्धवट पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या. वजन उचलायला बंदी, म्हणून आण्णांनी एक पिशवी पायानेच हळूहळू सरकवली. मग मधे हात घालून बघितला. चार बोटं बरोबर बसली.