दुसरा नंबर

"इथं एक सही, अन् इथं एक," म्हणत इश्वरने कागद टीपॉयवर पसरले आणि चहाचा कप नेमका त्यांच्यावरच ठेवला. धर्मेंद्रने कप उचलून बाजूला केला. कागदावर गोल डाग उठला होता. कप कुठं ठेवावा हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती आपण चार लाखांचं कर्ज सोपवायला निघालो आहोत, या विचाराने त्याचं डोकं तडकलं.

इश्वर तुमसरचा, पण नागपूरच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस. क्रेडिट कार्डाचं थकलेलं कर्ज बँकेशी बोलून अर्ध्यावर मिटवून देतो, असं त्याचं म्हणणं. बायकोला, खुशबूला मात्र धर्मेंद्रने तो विम्याचा एजंट आहे असं सांगितलं होतं. "विम्याचा का? बरं," एवढंच ती म्हणाली होती आणि पाहुण्याच्या चहात तिने आलंसुद्धा टाकलं नव्हतं.

"सहा महिने बँकेले एक रुपया द्याचा नाही," इश्वर सांगत होता. "तो पैसा दर महिन्याले आमच्याकडे जमा करा. बँक कंटाळली का मग आम्ही बोलतो. अर्ध्यात मिटते."

"अन् नाही मिटलं त?"

"मिटतेच, भाऊ."

"तुमची फी?"

"ते पहिल्या महिन्यापासून. बाकी फोन येतीन, दम देतीन. उचलाचे नाही, बस."

'मिटतेच' या शब्दाने धर्मेंद्रच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "दुकान चालतेच, दादा," असं धाकटा भाऊ भूपेंद्रही म्हणाला होता. त्याच्या मोबाइलच्या दुकानासाठी धर्मेंद्रने कार्ड घासलं, मग ते भरायला दुसरं कार्ड घेतलं आणि आगीतून फुफाट्यात पडला. पवनीतलं ते दुकान दुसऱ्या दिवाळीलाच बसलं. भूपेंद्र आता सासऱ्याच्या तांदळाच्या धंद्यात आहे आणि भेटला की हटकून नवा शर्ट घालून असतो. व्याज तेवढं धर्मेंद्रच्या बोकांडी.

फोनची मात्र त्याला फिकीर नव्हती. तो कामाला आहे त्या जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात फोन आत नेता येत नाही. सकाळी गेटवर जमा केला की सुट्टीच्या भोंग्यापर्यंत तो तिथंच पडून असतो. वाजेल तितका वाजो. त्याच कारणाने, गॅसचा असो, शाळेचा असो की बँकेचा, प्रत्येक फॉर्मवर दुसरा नंबर म्हणून तो डोळे झाकून खुशबूचा लिहून टाकायचा. कॉलनीतले सगळेच तसं करतात.

खुशबूला कळू नये, एवढंच त्याला हवं होतं. लग्नात तिच्या बापाने चारचौघांत सांगितलं होतं, पोरगा सरकारी आहे, कोणाचं एक पैशाचं देणं नाही. ते वाक्य ती अजून माहेरी गेली की ऐकवते. सही केली तर ते तसंच टिकेल, असं त्याने मनाशी ठरवलं.

"पेन हाये का, भाऊ?" इश्वरने खिसे चाचपले.

सह्या घ्यायला आलेला माणूस, आणि पेन नाही. धर्मेंद्र दात चावत आत गेला. पेन मुलीच्या दप्तरात असायचा आणि दप्तर स्वयंपाकघरात, मागच्या दाराजवळ. दार उघडं होतं. अंगणातल्या नळावर खुशबू त्याचा युनिफॉर्म घासत बसली होती. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला.

"जी, मॅडम. साहब ड्यूटी पर हैं. फोन अंदर नहीं चलता ना," ती म्हणत होती. मग जरा थांबून, "आपका बुखार उतरा क्या?"

धर्मेंद्र उंबऱ्यावरच थबकला. चाहूल लागून खुशबूने मागं पाहिलं. ती दचकली नाही. तिने फक्त फोनवर तळहात ठेवला.

"कोण आहे?"

"टीना मॅडम. तुमच्या कार्डवाली."

"कधीपासून येऊन राहिले हे फोन?"

"पोळा झाला तवापासून."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी सांगितलं का मले?"

त्याला ओरडायचं होतं. तिच्यावर, भूपेंद्रवर, बाहेरच्या त्या पेन नसलेल्या शहाण्यावर. पण कारखान्यात तो निवांत डबा खात असायचा तेव्हा ही इथं एकटी त्याचे फोन घेत होती, आणि आज तर तो घरात असताना त्याच्यासाठी खोटं बोलली. त्याला स्वतःची लाज वाटली.

"ते हप्ते पाडून देते म्हणते," खुशबू हळू आवाजात म्हणाली. "पण तुमच्याच तोंडून हो पाहिजे म्हणते. मी म्हटलं, ड्युटीवर हायेत. आता किती दिवस म्हणू?"

"भाऊ, भेटला का पेन?" बाहेरून इश्वरने हाक दिली.

धर्मेंद्रने तिच्या ओल्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. साबणाचा फेस गालाला लागला. पलीकडून बाईचा आवाज हॅलो हॅलो करत होता.

"मॅडम, ड्यूटी पर नहीं हूँ. घर पर ही हूँ," तो म्हणाला. "बोलिए."

खुशबूने गाऊनला हात पुसले आणि ती बाहेरच्या खोलीत गेली, इश्वरचा कप उचलायला.