नाव माझं कंबरमोडी

मित्रांनो, मी एक साधी रानवनस्पती आहे. खरखरीत पानं, एकच लांब दांडी आणि तिच्या टोकाला पिवळं इवलंसं फूल. संभाजीनगरातल्या एका हाडांच्या दवाखान्याच्या भिंतीच्या फटीत मी उगवले.

रानात कुणाला विळा लागला की माझा पाला चोळून जखमेवर धरतात. पण नाव काय, तर कंबरमोडी! जखम भरणारीला असलं नाव कुणी ठेवलं, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

एक दिवस करुणा नावाची चित्रकार ती भिंत रंगवायला आली. तिची आई गोजरबाई, देवगाव रंगारीची, कंबरेचं ऑपरेशन होऊन समोरच्याच खोलीत खिडकीलगतच्या पलंगावर पडून होती. डॉक्टर चाला म्हणत, पण पुन्हा पडण्याच्या धास्तीनं ती जमिनीला पाय लावत नव्हती. आईला खिडकीतून बरं होण्याची काहीतरी खूण दिसावी, म्हणून करुणानं माझंच चित्र काढलं, तेही भिंतभर! मी हरखून गेले.

तेवढ्यात डॉक्टर अभय आले. "वा! कोणतं फूल हे?"

"कंबरमोडी, सर."

"अहो, हाडांच्या दवाखान्यात कंबरमोडी? पेशंट पळून जातील! पुसा ते."

खिडकीत गोजरबाई खदखदून हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

"ऱ्हाऊ द्या डॉक्टरसाहेब! माझी आधीच मोडलीया. आता ती आणखी काय मोडणार?"

डॉक्टरांनाही हसू आलं आणि चित्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी चित्र बघायला पाहुणे येणार होते. सफाईवाला पुंडलिक भिंतीखालचं गवत उपटू लागला. भिंतीवरची मी शोभा आणि फटीतली मी कचरा! मग खरी मी कोणती? माझा पुरता गोंधळ उडाला. तोच त्यानं माझी दांडी धरली.

"आरं बाबा, थांब! ते गवत नाय!" गोजरबाई खिडकीतून ओरडली. त्याला ऐकू जाईना, तशी ती पलंगावरून उतरली आणि भिंतीला धरत तावातावानं बाहेर आली.

चित्रावर शेवटचा हात फिरवणारी करुणा ब्रश टाकून धावली. "आई, तू चाललीस!"

"व्हय की गं!" गोजरबाई आपल्याच पायांकडं बघत राहिली.

पण तोवर मी मुळापासून तुटले होते.

मित्रांनो, भिंतीवर आम्हाला जरूर रंगवा; पण पायाखालचीला उपटण्याआधी एकदा तिचं नाव विचारा. हसावं की रडावं, मला अजून कळत नाही. नावाप्रमाणे अखेर कंबर मोडली खरी, पण माझीच. गोजरबाईची मात्र ताठ झाली.