बिशपसाहेब उपलब्ध आहेत

आमच्या ग्रंथालयात ते मशीन आलं त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. विद्यार्थ्यानं कार्ड दाखवायचं, पुस्तक खाली ठेवायचं, मशीन टुंई करणार, की झालं, पुस्तक मिळालं. म्हणजे देवघेव काउंटरवर बसून मी जन्मभर जे केलं, ते हा कपाटाएवढा डबा माझ्याकडे ढुंकूनही न बघता करणार. वर त्याला वेगळा एसी, अंगावर घालायला मखमली आच्छादन, आणि त्याच्या आसपास चहाचा कप न्यायला बंदी. एवढे लाड बघून मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. पुढे सगळेच तसं म्हणायला लागले, आमचे ग्रंथपाल सरसुद्धा. फक्त ते हळूच म्हणायचे. ते सगळंच हळू म्हणतात.

आमचं विद्यापीठ ख्रिस्ती आणि छोटं. इतकं छोटं, की चॅपलमध्ये कुणी शिंकलं तर ग्रंथालयातून 'देव भलं करो' ऐकू येतं. ग्रंथालय मात्र झटून सेवा देतं. घरी विसरलेला चष्मा मिळतो, छत्री मिळते, परीक्षेच्या दिवसांत कोपऱ्यात प्रार्थनेसाठी एक खुर्ची मांडलेली असते. त्या खुर्चीसाठी रांग लागते, पुस्तकांसाठी लागत नाही, हे आमचं दुखणं. आणि त्याच दुखण्यावर बोट ठेवून व्यवस्थापन मंडळानं विचारलं, आता जावईबापू आहेत तर काउंटर कशाला हवा? ग्रंथालय दिनाला मंडळाचे अध्यक्ष स्वतः येतील, सगळं बघतील आणि निर्णय त्याच दिवशी सांगतील. काउंटर गेला तर माझी बदली परीक्षा विभागाच्या तळघरात. तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे. तिथे जो माणूस आधी होता तो गठ्ठ्यांशी बोलायला लागला होता, म्हणून त्याला लवकर निवृत्त केला.

अध्यक्ष म्हणजे बिशपसाहेब. उंच, गंभीर, आवाज असा की 'बसा' म्हणाले तरी उपदेश केल्यासारखं वाटावं.

ग्रंथालय दिनाला सरांनी नवा कार्यक्रम काढला, 'जिवंत पुस्तकं'. माणसं पुस्तकं व्हायची. प्रत्येकानं छातीवर आपलं शीर्षक लावून खुर्चीत बसायचं, वाचकानं त्याला कार्डावर घ्यायचं, समोर बसून थोडा वेळ ऐकायचं आणि परत करायचं. माळीकाका पुस्तक झाले, दवाखान्यातल्या सिस्टर झाल्या. एक प्राध्यापक ऐन वेळी आजारी पडले, म्हणून मी घरून सासूबाईंना आणलं. त्यांनी स्वतःच शीर्षक दिलं, 'एक स्वयंपाकघर, दोन बायका'. मी म्हटलं, "आई, जरा वेगळं काही द्या ना." त्या म्हणाल्या, "अगं, उपशीर्षक तर मी लावलेलंच नाही अजून."

आणि बिशपसाहेब म्हणाले, मीही पुस्तक होतो.

सरांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी मात्र डोक्याला हात लावला, कारण साहेबांचं शीर्षक होतं 'सेवा आणि नेतृत्व: एक चिंतन'.

आता माझ्याबद्दल एक सांगते. मी नियमाची बाई आहे. ग्रंथालयात जे दाखल होतं त्याला बारकोड लागतो आणि मागे चुंबकी पट्टी लागते, म्हणजे न विचारता बाहेर नेलं तर दारातलं गेट ओरडतं. मी सगळ्या जिवंत पुस्तकांच्या बिल्ल्यांवर बारकोड लावले आणि मागे पट्ट्याही चिकटवल्या. सर दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, ही माणसं आहेत." मी म्हटलं, "दाखल झालीत ना? मग झालं तर." सरांनी वाद घातला नाही. वाद घालायला आवाज लागतो.

सकाळी बिशपसाहेबांनीच प्रार्थना केली, एक गीत झालं आणि पुस्तकं आपापल्या खुर्चीत बसली. जावईबापूंच्या वर मोठा पडदा लावला होता. कोणतं पुस्तक कुणाकडे आहे ते त्यावर दिसायचं. बघता बघता माळीकाका 'बाहेर दिले', सिस्टर 'बाहेर दिले', सासूबाई 'बाहेर दिले, राखीव, राखीव, राखीव'. त्यांच्या कोपऱ्यातून असे हशे येत होते की मला माझ्याच घराची काळजी वाटायला लागली. मधेच एक मुलगी वळून माझ्याकडे बघून हसली. काय सांगितलं असेल या बाईनं? पोळ्यांचं सांगितलं असणार.

आणि सगळ्यात खाली एक ओळ, हिरवीगार: 'सेवा आणि नेतृत्व: एक चिंतन. उपलब्ध.'

बिशपसाहेब पाठ ताठ ठेवून बसले होते, हात गुडघ्यांवर. समोरची खुर्ची रिकामी. पडदा नेमका त्यांच्या डोळ्यांसमोर. विद्यार्थी यायचे, त्यांना बघायचे, वाकून नमस्कार करायचे आणि पाय लावून पळायचे. एकाला मी कॉलरला धरून विचारलं, "घेतोस का बिशपसाहेबांना?" तो म्हणाला, "मावशी, मला नापास करतील." मी म्हटलं, "अरे, ते पुस्तक आहेत आज." तो म्हणाला, "म्हणूनच तर. आधीच सिलॅबसमधली पुस्तकं वाचून होत नाहीयेत."

मी हात जोडले, डोळे वटारले, एकीला तर चहाचं आमिष दाखवलं. कुणी येईना. सर खांबाआडून बघत होते आणि घामानं निथळत होते. मला मात्र स्वतःचा राग यायला लागला. मंडळाचा अध्यक्ष रुसला तर तळघर ठरलेलं, हे मला कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तळघराचं काही वाटत नव्हतं. एवढा मोठा माणूस, आणि कुणी विचारत नाही म्हणून कधी घड्याळाकडे, कधी छताकडे, कधी बुटांकडे बघतोय. मला बघवेना.

शेवटी साहेब उठले. बिल्ला तसाच छातीवर, चेहरा तसाच गंभीर, कुणाच्या नजरेला नजर न देता दाराकडे निघाले. बाकीची पुस्तकं केव्हापासून चहाला जा-ये करत होती, त्यांना कुणी अडवलं नव्हतं. कारण साधं आहे. पुस्तक एकदा कुणी घेतलं की मशीन त्याची पट्टी निकामी करतं. साहेबांना कुणी घेतलंच नव्हतं.

गेट असं किंचाळलं की सासूबाईंच्या हातातली कपबशी वाजली. आडवा दांडा खाडकन् बंद झाला. आणि जावईबापू, ज्यांना मंडळानं खास गोड आवाजासकट मागवलं होतं, साऱ्या अभ्यासिकेला ऐकू जाईल असे बोलले, "हे पुस्तक कोणालाही दिलेले नाही. कृपया काउंटरवर संपर्क साधा."

साहेब एक पाऊल मागे आले. गेट थांबलं. कदाचित योगायोग असेल म्हणून त्यांनी पुन्हा एक पाऊल पुढे टाकलं.

"हे पुस्तक कोणालाही दिलेले नाही. कृपया काउंटरवर संपर्क साधा."

सर खांबाआड दिसेनासे झाले. मी धावत गेले, साहेबांच्या बाहीला धरलं, हो, बाहीला, आणि त्यांना काउंटरपाशी आणून बसवलं. पट्टी मीच लावली होती, त्यामुळे शरमेनं माझे कान तापले होते. आणि मला शरम वाटली की मी चिडते.

"साहेब," मी म्हटलं, "चूक माझी आहे, पट्टीची. पण शीर्षकाची तुमची आहे."

"काय वाईट आहे शीर्षकात?"

"त्यात काही घडत नाही. चिंतन घ्यायला कोण येणार? आमच्याकडे चिंतनाचं एक अख्खं कपाट आहे, त्याच्यामागे मांजरीनं पिल्लं घातली तरी आम्हाला कळलं नव्हतं. तुमच्या हातून आयुष्यात कधी काही गोंधळ झालाच नाही का?"

साहेबांनी छातीवरचा बिल्ला वर करून शीर्षक पुन्हा एकदा वाचलं. मला वाटलं, संपलं, लागा गठ्ठे बांधायला. मग ते इकडेतिकडे बघून, आमच्या सरांनाही लाजवेल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "मी एकदा एकाच बाळाचा दोनदा बाप्तिस्मा केला."

"अं?"

"जुळी होती. मी नवा पाळक. आईनं एक दिलं, मी पाणी शिंपडलं. मग मावशी, आत्या, आजी, कोण कुणाकडे देतंय पत्ता नाही. दुसरं म्हणून जे हातात आलं त्याच्या डोक्याला मी हात लावला, तर केस ओले. पण सगळे गात होते. थांबायचं कसं?"

"मग दुसरं?"

"दुसऱ्या दिवशी भेटीच्या निमित्तानं त्यांच्या घरी गेलो. एकाला उचललं, मोरीत नेलं आणि नळाखाली उरकलं. एवढ्यात आजी आली. म्हणाली, पाळकसाहेब, त्याची आंघोळ झालीये."

मी तोंडावर पदर धरला. "पण साहेब, उचललेला कोणता होता?"

"तेच तर!" साहेबांनी काउंटरवर हात आपटला. "ते मला बाहेर आल्यावर सुचलं! मग परत आत जाऊन दुसऱ्यालाही... म्हणजे एकाचा तीनदा झाला. आज एक वकील आहे आणि एक पाळक. कोणाचा तीनदा झाला, देव जाणे. बिशपला माहीत नाही."

"हे," मी म्हटलं, "हे पुस्तक आहे."

मी त्यांचं शीर्षक पुसलं आणि टाइप केलं: 'एकाच बाळाचा दोनदा बाप्तिस्मा (खरं तर तीनदा)'. पडद्यावर उमटलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

पहिल्या आल्या सासूबाई. स्वतःच्या वाचकाला खुर्चीत सोडून आल्या. "हे खरंय?" त्यांनी थेट बिशपसाहेबांनाच विचारलं. "द्या मला हे."

पुस्तकाला पुस्तक देता येत नाही. शिवाय सासूबाईंचं कार्ड नाही. जावईबापूंनी दोन्ही कारणांनी नकार दिला, गोड आवाजात. मी मशीनकडे पाठ फिरवली, माझं स्वतःचं कार्ड काढलं आणि माझ्या नावावर, माझ्या हातानं, बिशपसाहेब माझ्या सासूला दिले. नियमाची बाई होते मी सकाळपर्यंत.

पुढचं काय सांगू! सासूबाई हसताहेत म्हणून माळीकाका आले, ते हसताहेत म्हणून सिस्टर आल्या, मग मुलं आली, खुर्च्या कमी पडल्या, जमिनीवर बसली. ज्याला नापास व्हायची भीती होती तो पहिल्या रांगेत. साहेब उभे राहून मोरी, नळ, आजी, सगळं करून दाखवत होते. वेळ संपल्याची टुंई वाजत होती आणि कुणी परत करत नव्हतं. दर वेळी मुदतवाढ मागायला जो काउंटरवर यायचा, त्याच्यामागे साहेबांचा आवाज यायचा, "द्या, द्या, वाढवून द्या!"

कार्यक्रम संपला तेव्हा साहेबांचा घसा बसला होता. ते बिल्ला काढून काउंटरवर आले. मागे सर, हातात वही, निर्णय लिहून घ्यायला.

"मशीन चांगलं आहे," साहेब म्हणाले. "ज्याला घाई आहे त्यानं तिकडे जावं. पण मी अख्खी सकाळ तिथे बसलो आणि ते मला उपलब्ध, उपलब्ध म्हणत राहिलं. असं का झालं हे कुणीतरी विचारायला हवं होतं. ते तुम्ही विचारलंत, आणि जरा रागावून विचारलंत. सर, लिहा. काउंटर राहील."

सरांनी लिहिलं.

"आणि बाई, मला एक कार्ड करून द्या," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं अध्यक्ष आहे, पण या ग्रंथालयातून कधी पुस्तक नेलं नाही. कुणी विचारलंच नाही, काय वाचता म्हणून."

"काय वाचायला आवडेल?" मी कसंबसं विचारलं.

"मला काय माहीत? तुम्ही आज मला पाहिलंत. तुम्हीच द्या."

मी कपाटांकडे गेले, दोन रांगांच्या मधे उभी राहिले आणि रडले. रागानं नाही, शरमेनं नाही, नुसतीच रडले. हे काढ, ते काढ, हे साहेबांना जड होईल, हे फार पोरकट, असं करत एकेक पुस्तक हातात घेत राहिले. थोड्या वेळानं सर दबक्या पावलांनी आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, साहेब वाट बघताहेत."

"बघू देत," मी मोठ्यानं म्हटलं. "मशीन नाहीये मी."